‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन: होय / नाही’

विद्यापीठांच्या विद्यापरिषदांना आणि अभ्यासमंडळांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षाच्या शेवटी आपल्याकडून एक फॉर्म येतो. किती तास घेतले, पाठ्यक्रम किती टक्के संपला, किती परिषदांना हजेरी लावली, हे सगळं भरून झालं की शेवटच्या पानावर एक ओळ असते: ‘आपण विद्यार्थिकेंद्री अध्यापनपद्धती वापरता का? होय / नाही.’ गेली चौदा वर्षं मी ‘होय’वर खूण करते आहे. ‘नाही’वर खूण केलेला सहकारी मला अजून भेटायचा आहे. त्या चौदांपैकी पहिली सहा वर्षं माझं उत्तर खोटं होतं, आणि ते खोटं आहे याचा मला पत्ताही नव्हता. हे पत्र त्या सहा वर्षांबद्दल आहे, आणि नंतरच्या आठ वर्षांत आपल्याशी जी ओढाताण झाली तिच्याबद्दल.

मी सांख्यिकी शिकवते. सातव्या वर्षी, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, पोर्शन संपून वीस मिनिटं उरली. असं सहसा होत नाही. बहुधा पोर्शन उरतो आणि मिनिटं संपतात. वर्गात शंभरएक मुलं होती. प्रमाण विचलन, म्हणजे माहिती किती विखुरलेली आहे याचं माप, महिनाभरापूर्वीच शिकवून झालं होतं, आणि चाचणीत बहुतेकांनी ते दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक काढलं होतं. वेळ घालवायचा म्हणून मी फळ्यावर दोन आयतालेख, म्हणजे स्तंभांचे आलेख, काढले. पहिल्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ स्तंभ, सगळे एकाच उंचीचे, जणू भिंतच. दुसऱ्यातही नऊच, पण मधले तीन उंच आणि वरखाली, कडेचे नावापुरते. आकडा एकही लिहिला नाही. विचारलं, प्रमाण विचलन कशाचं जास्त?

वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरून, नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलीने हात वर केला. ‘मॅडम, आकडेच नाहीत. मग सूत्रात घालायचं काय?’

मी म्हटलं, सूत्र राहू दे, बघून सांगा. हात मोजले. चार-पाच मुलं सोडली तर सगळ्यांचं मत दुसऱ्या आलेखाला. का, तर त्यातले स्तंभ वरखाली आहेत आणि पहिल्यातले सगळे सारखे. म्हणजे मुलं स्तंभांच्या उंचीतला फरक बघत होती. माहिती सरासरीपासून किती लांबवर पसरली आहे, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करायची, वर्ग करायचा, बेरीज घ्यायची, भागायचं, वर्गमूळ काढायचं, हे त्याच हातांनी शेकडो वेळा केलं होतं. वजा कशासाठी करतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी सांगितलं मात्र होतं. चांगलं दहा मिनिटं, उदाहरणासकट, सहाही वर्षं.

दोष मुलांवर ढकलणं सोपं होतं. स्टाफरूममध्ये मी तो ढकललाही: हल्लीची मुलं लक्ष देत नाहीत, पायाच कच्चा, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पहिली येणारी मुलगी लक्ष देत नव्हती असं म्हणायला जीभ रेटेना.

अशा खड्ड्यात पडलेली मी एकटीच नाही, हे पुढे वाचनातून कळलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर हे विद्यार्थ्यांचे लाडके व्याख्याते होते. १९९०च्या सुमाराला त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरची एक साध्या शब्दांतली, आकडेमोड नसलेली चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत तशी, की मला स्वतःला वाटतं तशी? या प्रश्नावर मला हसू आलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने तेच विचारलं होतं, फक्त वेगळ्या शब्दांत.

आता मूळ मुद्दा. आपल्या फॉर्ममध्ये, परिपत्रकांत आणि कार्यशाळांत ‘विद्यार्थिकेंद्री’ हा शब्द एखाद्या साधनासारखा वापरला जातो. गटचर्चा घेतली, प्रोजेक्ट दिले, स्लाइडच्या शेवटी प्रश्नमंजूषा लावली, की झालं. १९९४ साली ऑस्ट्रेलियात कीथ ट्रिगवेल, मायकेल प्रॉसर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या २४ अधिव्याख्यात्यांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास मांडला. ही माणसं वर्गात काय करतात आणि ते कशासाठी करतात, हे दोन धागे त्यांनी वेगळे काढून पाहिले. पाच तऱ्हा निघाल्या. एका टोकाला, आपल्याकडची माहिती समोरच्याकडे पोचवणारे. दुसऱ्या टोकाला, विद्यार्थ्याच्या मनात त्या गोष्टीची जी समजूत आधीच ठाण मांडून बसली आहे ती हलवायची म्हणून त्यालाच कामाला लावणारे. मला सगळ्यात बोचलं ते असं, की ‘काय’ आणि ‘कशासाठी’ यांच्या जोड्या हव्या तशा लागत नव्हत्या. माहिती पोचवणं एवढाच ज्यांचा हेतू, त्यांच्यात विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवणारी रीत सापडलीच नाही. हेतू जुना ठेवून नुसती रीत बदलली, तर गटचर्चेतही आपण माहितीच पोचवत राहतो. मी तेच करत होते. माझी ‘गटचर्चा’ म्हणजे माझंच उत्तर चार मुलांच्या तोंडून वदवून घेणं.

त्या कामातून पुढे १६ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. आठ विधानं शिक्षककेंद्री, माहिती देण्याच्या बाजूची; आठ विद्यार्थिकेंद्री, समजूत बदलण्याच्या बाजूची. जगभरच्या विद्यापीठांत ती वापरली गेली. ती भरताना एक अट असते: कुठला तरी एक ठरावीक विषय डोळ्यांसमोर ठेवूनच उत्तरं द्यायची. कारण तीनशे मुलांच्या वर्गात जो माणूस फळ्याकडे तोंड करून बोलत सुटतो, तोच बारा जणांच्या वर्गात टेबलावर बसून ‘तुला काय वाटतं?’ विचारतो. दृष्टिकोन हा माणसाच्या रक्तगटासारखा कायमचा नसतो, वर्ग बदलला की तोही सरकतो. आपल्या फॉर्ममध्ये कुठला वर्ग हे विचारायला जागाच नाही. माझं प्रामाणिक उत्तर ‘दुपारच्या वर्गात होय, सकाळच्या वर्गात नाही’ असं आहे. ते कुठे लिहू?

आणि याचा विद्यार्थ्यांवर परिणाम होतो का? होतो. त्याच मंडळींनी १९९९मध्ये ४८ वर्ग आणि जवळजवळ ४००० विद्यार्थी घेऊन पाहिलं. जिथे शिक्षक स्वतःचं काम माहिती देणं असं समजत होते, तिथे विद्यार्थी वरवर शिकण्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत घोकंपट्टीकडे, झुकलेले होते. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास. जिथे विद्यार्थ्यांना वर्गातच काही करावं लागत होतं तिथे २१.८ टक्के. औषधाच्या चाचणीत एवढा फरक दिसला असता, तर जुनं औषध देणाऱ्याला लोकांनी जाब विचारला असता.

आठव्या वर्षी मी काय बदललं ते सांगते, म्हणजे मी काही फार मोठं केलं असा समज व्हायला नको. दहा-बारा मिनिटं बोलायचं, मग थांबायचं आणि एक प्रश्न टाकायचा, चार पर्यायांचा. पर्याय मनाने रचायचे नाहीत. मागच्या वर्षीच्या पेपरांत मुलांनी ज्या चुका केल्या त्याच पर्याय म्हणून द्यायच्या. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं आणि रंगीत कार्ड वर करायचं. निम्म्याच्या आसपास बरोबर असतील तर उत्तर सांगायचं नाही, शेजाऱ्याला पटवा म्हणायचं. मग पुन्हा कार्डं. हे माझं डोकं नाही. माझूर यांनी १९९१पासून जे सुरू केलं त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

यात सगळ्यात अवघड काय असेल, तर गप्प राहणं. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि गप्प मुलं बोलू लागतात. मी मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं. पाचाला घाम फुटतो. सहाला वाटतं, वर्गाला माझी कीव येत असावी. सातच्या आसपास कुणीतरी खाकरतं आणि बोलायला लागतं.

पहिल्याच महिन्यात ते दोन आयतालेख पुन्हा काढले. कार्डं बघितली, बहुतेक चुकीची. ‘शेजाऱ्याशी बोला’ म्हटलं आणि बाकांमधून फिरत राहिले. मागून दुसऱ्या बाकावर एक मुलगा, जो मी तोवर फक्त हजेरीच्या वेळी ऐकला होता, शेजारच्याला वहीवर बोट आपटत सांगत होता: ‘अरे, उंची म्हणजे किती जण उभे आहेत. लांबी म्हणजे कुठे उभे आहेत. विचलन कुठे-कुठेचं असतं, किती-कितीचं नाही.’ माझ्या सहा वर्षांच्या टिपणांत इतकं स्वच्छ वाक्य एकही नव्हतं. मी ते आता दर वर्षी वापरते, त्याचं म्हणूनच.

इथपर्यंत गोड. पुढे मात्र आपला संबंध आला.

सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले आणि माझा आकडा सात वर्षांत पहिल्यांदा घसरला. एकाने लिहिलं होतं, ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात.’ त्या वाक्यावरून मला बोलावून विचारणा झाली. लेखी खुलासाही मागितला. मुलांवर माझा राग नाही. २०१९मध्ये हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवर एक प्रयोग झाला. तेच साहित्य काही मुलांना सफाईदार व्याख्यानातून मिळालं, काहींना प्रश्न सोडवता-सोडवता. दुसऱ्या प्रकारात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. झटापट करावी लागली की माणसाला वाटतं, आपल्याला येत नाही. ओघवतं ऐकलं की वाटतं, आलं. आपल्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये ‘शिक्षक विषय सोपा करून सांगतात का?’ हा पहिला प्रश्न आहे आणि बढतीच्या वेळी त्याची सरासरी काढली जाते. म्हणजे एका फॉर्मवर विद्यार्थिकेंद्री व्हा असं सांगायचं आणि दुसऱ्या फॉर्मवर झाल्याबद्दल गुण कापायचे.

परीक्षेचं तर विचारूच नका. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले आणि कोण कसं वाचतं ते पाहिलं. काही जण मजकूर लक्षात ठेवायला धडपडले, काहींनी लेखकाला म्हणायचं काय आहे हे शोधलं. पुढे असंही दिसलं की कुठल्या तऱ्हेचे प्रश्न येणार हे कळलं की वाचण्याची तऱ्हाही त्या बाजूला सरकते. मुलं हुशार असतात. पेपर ज्या दिशेला बघतो त्याच दिशेला ती बघतात, शिक्षक वर्गात कितीही कोलांट्या मारोत. मी तो आकडे नसलेला प्रश्न सत्र परीक्षेसाठी सुचवला होता. ‘आदर्श उत्तर आणि गुणविभागणी निश्चित करता येत नाही’ असा शेरा मारून तो परत आला. त्याजागी ‘खालील माहितीवरून प्रमाण विचलन काढा, गुण ८’ आलं. निकाल उत्तम लागला.

सहकाऱ्यांचं जे म्हणणं मी ऐकते त्यात तथ्य आहे, तेही नोंदवते. ‘आमचा विषय वेगळा’ हे नेहमीचं पालुपद. विषयागणिक फरक पडतो हे खरंच आहे. भौतिक विज्ञानांतले शिक्षक मानव्यविद्यांतल्यांपेक्षा शिक्षककेंद्री बाजूला जास्त झुकलेले आढळतात. मात्र तेच शिक्षक वेगळ्या संदर्भात गेले की त्यांचा कलही थोडा सरकलेला दिसतो. दुसरं म्हणणं, नवशिक्या मुलांना मोकळं सोडलं तर ती भरकटतात. शंभर टक्के मान्य. मोकळं सोडणं याला विद्यार्थिकेंद्री म्हणायचं कुणी ठरवलं? अख्खं प्रकरण मुलांमध्ये वाटून टाकायचं, त्यांनी स्लाइड वाचून दाखवायच्या आणि आपण मागच्या बाकावर बसून पेपर तपासायचे, याला ‘सेमिनार पद्धत’ म्हणतात. माझ्या मते ती निव्वळ पाट्या टाकण्याची सोय आहे, आणि सगळ्यात जास्त ‘होय’ तिच्या जिवावर भरले जातात. मी व्याख्यानाच्याही विरोधात नाही. आधी प्रश्नाशी झोंबलेल्या वर्गाला पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं, तर मुलं माना वर करून ऐकतात. ते ऐकणं वेगळंच असतं, ज्याने अनुभवलंय त्याला कळेल.

मग आपल्याकडून काय हवं? कार्यशाळा नकोत, निदान दोन दिवसांच्या तरी नकोत. हेलसिंकी विद्यापीठात प्रशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिक्षकांची तुलना झाली, २००७मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षाहून जास्त काळ प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये विद्यार्थिकेंद्री बाजू ठळक दिसली. थोडंसंच घेतलेल्यांचा मात्र स्वतःवरचा भरवसा कमी झालेला होता. यात नवल नाही. दोन दिवसांत जुनी रीत चुकीची होती एवढं कळतं, नवी हातात बसत नाही. मग नव्याचे नऊ दिवस संपले की ये रे माझ्या मागल्या. पैसे खर्चायचेच असतील तर आम्हाला जोडीजोडीने एकमेकांच्या वर्गात बसू द्या, वर्षभर, आणि त्या तासांची नोंद कामाच्या तासांत होऊ द्या. आत्ता मी सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसले तर लोकांना वाटतं चौकशी आली.

अभ्यासमंडळांना एकच मागणं. अभ्यासक्रमात नवं प्रकरण घालायचं असेल तर जुनं कुठलं काढणार, ते त्याच ठरावात लिहा. गेल्या तीन फेरबदलांत माझ्या विषयात पाच प्रकरणं आली आणि एकही गेलं नाही, तास तेवढेच राहिले. पोर्शन हाच आमच्या हेतूचा मालक आहे. चौतीस तासांत बेचाळीस तासांचा मजकूर संपवायचा असेल तर माणूस माहितीच पोचवणार, त्याचा दृष्टिकोन कितीही उदात्त असो. तीच गोष्ट जमिनीत पक्क्या ठोकलेल्या बाकांची, पण ती मी सोडून देते. मागे वळून बोलता येतं, मानेला थोडा त्रास होतो इतकंच.

परीक्षेत निदान पाचवा हिस्सा असा ठेवा, की ज्याचं उत्तर सूत्रात आकडे घालून निघणार नाही. गुण कसे द्यायचे याची भीती वाटत असेल तर आम्ही चार जण बसून पन्नास उत्तरं एकत्र तपासू आणि कसोट्या लिहून देऊ. फुकट देऊ. अभिप्रायाची सरासरी बढतीच्या कागदांतून काढा, किंवा तिच्याबरोबर वर्गातल्या एखाद्या आधीच्या-नंतरच्या चाचणीचे आकडे तरी जोडू द्या.

आणि त्या शेवटच्या पानावरच्या ओळीबद्दल. ती काढून तिथे हे छापा: ‘या वर्षी तुमच्या विषयात विद्यार्थ्यांचा कोणता गैरसमज तुमच्या लक्षात आला, आणि त्यावर तुम्ही काय केलंत?’ खाली सहा ओळींची जागा सोडा. ज्याला एकही गैरसमज दिसला नाही त्याने कोरी सोडावी.

या वर्षीचा फॉर्म मी पाठवला आहे. ‘होय’ आणि ‘नाही’, दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत. मागे एक कागद टाचला आहे, त्यावर दोन आयतालेख आहेत, आकडे नसलेले. पुढच्या बैठकीत विषयपत्रिका सुरू होण्याआधी तो सदस्यांमध्ये फिरवावा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवावं, मग शेजारच्याशी बोलावं. उत्तर मी आत्ता सांगत नाही.

आपली,
सांख्यिकीची एक अधिव्याख्याती